निकालाआधीचा निकाल

नवरा धाटावच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टने काम करणारा, बायको पेणजवळच्या हमरापूर-जोहे पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम केलेली, असं एक जोडपं समजा. सासर रोह्याला, माहेर पेणला, पदरात सहा वर्षांची मुलगी. भांडण विकोपाला जातं. एका दुपारी बायको मुलीला घेऊन रोह्याहून दिव्याकडे जाणारी गाडी पकडते आणि निडी, नागोठणे, कासू मागे टाकत पेणला उतरते. अंतर चाळीसेक किलोमीटर. कायद्याच्या पुस्तकात या प्रवासाचा उल्लेख कुठेच नाही, पण मुलीच्या ताब्याचं पुढे जे काही होणार त्यातलं बरंचसं त्या गाडीत ठरून गेलेलं असतं.

ताब्याच्या निकालपत्रांत एक वाक्य हमखास सापडतं: आईबापांचे हक्क नंतर, मुलाचं हित आधी. वाक्य खरं आहे आणि न्यायालयं ते मनापासून लिहितात. पण हित कशावरून ओळखायचं, ते कोणी ओळखायचं आणि तोवर मुलाने कुठे राहायचं, या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याकडे कायद्याचं लक्ष सगळ्यात कमी आहे. आणि माझं मत असं, की तालुक्याच्या गावी बहुतेक दाव्यांचा निकाल हा तिसरा प्रश्नच लावून टाकतो.

पेणला उतरलेल्या या बाईला दाद मागायची तर कुठे? घरात छळ, मारहाण झाली असेल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. त्याचा अर्ज पेणलाच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि कलम २१ खाली ते मुलीचा तात्पुरता ताबा आईला देऊ शकतात. हे दार एकाच बाजूने उघडतं. इथे ताबा मिळू शकतो तो पीडित बाईला. बापाच्या वाट्याला येते ती भेट, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर तीही नाकारता येते. घटस्फोटाचा किंवा नांदायला येण्याचा दावा आधीच दाखल असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात मुलांचा ताबा, शिक्षण आणि खर्च यांचे आदेश मागता येतात. घटस्फोट नको, फक्त मूल हवं, असं असेल तर उरतो १८९० चा पालक व पाल्य कायदा. तो अर्ज जिल्हा न्यायालयाचा, आणि रायगडच्या जिल्हा न्यायालयाचं मुख्य ठिकाण अलिबाग.

त्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज कुठे चालणार हे मूल सामान्यतः कुठे राहतं यावर ठरतं. बाप म्हणणार, मुलीची शाळा रोह्याची, ती चार दिवसांसाठी आजोळी गेलीय. आई म्हणणार, आता तिचं घर पेण. दोन्ही गावं एकाच जिल्ह्यातली असल्याने हा वाद इथे फार ताणत नाही. नवरा डोंबिवलीचा आणि माहेर रोह्याचं असेल तर मात्र कुठल्या कोर्टाने ऐकायचं याच मुद्द्यावर कितीतरी तारखा खर्ची पडतात, आणि त्या सगळ्या काळात मूल जिथे आहे तिथेच असतं.

मुंबई-पुण्याला १९८९ पासून कौटुंबिक न्यायालयं आहेत. तिथे विवाह समुपदेशक नेमलेले असतात, आईबापांशी वेगवेगळं बोलतात, मुलाला भेटतात. मुलांच्या भेटींसाठी जागा राखलेली असते. पेणला किंवा रोह्याला असं स्वतंत्र न्यायालय नाही. ज्या न्यायाधीशांसमोर सकाळी बांधाच्या हद्दीचा दावा आणि मग चेक न वटल्याची फिर्याद चालते, त्यांच्याच समोर दुपारी या मुलीचा अर्ज पुकारला जातो. यात न्यायाधीशांचा दोष काही नाही. हित शोधायची साधनंच तिथे तोकडी आहेत, एवढंच.

इथवर कायदा कसा आला ते थोडक्यात पाहू. १८९० मध्ये पालक व पाल्य कायदा झाला तेव्हा कलम १९ असं होतं, की बाप हयात असेल आणि नालायक ठरलेला नसेल तर न्यायालयाने दुसरा पालक नेमायचाच नाही. त्या ओळीत बापाच्या शेजारी आईचं नाव आलं ते २०१० च्या दुरुस्तीने, म्हणजे १२० वर्षांनी. न्यायालयं मात्र कायद्यापेक्षा पुष्कळ पुढे चालत होती. १९४१ साली मुंबई उच्च न्यायालयात सरस्वतीबाई वेद यांच्या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती ब्यूमाँट यांनी म्हटलं, की मूल कोवळ्या वयाचं असेल आणि आई त्याला सांभाळायला योग्य असेल तर तिच्या जागी दुसरं कोणी पुरेसं पडणं जवळजवळ अशक्य आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने हाच विचार कलमात बांधला: पाच वर्षं पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. त्याच कायद्याने नैसर्गिक पालक मात्र आधी बाप आणि त्याच्यानंतर आई असा क्रम लावून ठेवला. ताबा आईचा, सही बापाची.

हा गुंता सुटायला १९९९ उजाडलं. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचा अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने बापाची सही मागितली. नवराबायकोंत भांडण नव्हतं. दोघे मिळूनच सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या याचिकेसोबत पर्यावरण-अभ्यासक वंदना शिवा यांचीही याचिका होती, आणि तिथे मात्र घटस्फोट आणि मुलाचा ताबा हाच वाद होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की आई पालक व्हायला बाप मरावा लागत नाही. तो मुलाच्या पालनपोषणात नसेल, दूर असेल, तरी आई नैसर्गिक पालक आहे. जाता जाता एक गोष्ट रोहेकरांसाठी: या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख रोह्याच्या वकिलाचे चिरंजीव. ज्या बँकेने आईची सही नाकारली तिच्याशी गावाचं हे नातं.

मधल्या काळात, १९७३ साली, रोझी जेकब यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत. आणि ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो; परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो. पहिली गोष्ट सगळे वकील युक्तिवादात घेतात. दुसरी पक्षकारांना नीट समजावून सांगितली तर निम्मे लोक हरल्यासारखे किंवा जिंकल्यासारखे वागणार नाहीत.

आता मूळ प्रश्न: न्यायाधीश नक्की काय पाहतात? १८९० च्या कायद्याचं कलम १७ वय, मुलगा की मुलगी, धर्म, पालकाचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक आणि मुलाला समज असेल तर त्याची इच्छा, इतकं सांगतं. पण कोर्टात वजन पडतं ते बारीकसारीक कागदांचं. अंगणवाडीतलं लसीकरणाचं कार्ड कोणाकडे आहे? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही कोणाची? पालकसभेला कोण येतं, ताप आला तेव्हा डॉक्टरकडे कोणी नेलं? वर्गशिक्षिकेने साक्षीत सहज सांगितलेली एक गोष्ट, की डबा विसरला की आजी आणून द्यायची, पानभर प्रतिज्ञापत्रापेक्षा जास्त बोलते. वकिलांनी एकमेकांच्या अशिलावर उधळलेली विशेषणं न्यायाधीश बहुधा वाचून सोडून देतात.

आपल्या जोडप्याकडे परत जाऊ. बापाची पाळी बदलती, कधी पहिली, कधी रात्रीची. मुलीला तो सांभाळणार म्हणजे त्याची आई सांभाळणार. म्हणून कागदावर आई विरुद्ध बाप असलेला हा दावा खरं म्हणजे पेणची आई आणि रोह्याची आजी यांच्यातला असतो, आणि आजीला कोणी पक्षकार केलेलं नसतं. आजीने सांभाळणं वाईट, असं कुठलंही न्यायालय म्हणत नाही. पण आई लायक आणि उपलब्ध असताना आजीला तिच्यापुढे ठेवायला काही ठोस कारण लागतं.

आईची अडचण वेगळी. गणपतीच्या कारखान्यातलं काम हंगामी, भाद्रपद जवळ आला की रात्र रात्र चालणारं, आणि पैसे बहुतेक ठिकाणी नगावर. पगारपत्रक नाही, बँकेत दरमहा ठरलेली रक्कम नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात पोटगीच्या दाव्यांसाठी उत्पन्न आणि मालमत्ता उघड करणारं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. उपाय उत्तम. पण त्यातले रकाने नोकरदाराला सोपे आणि मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या बाईला अवघड आहेत. तिथे तिने रकाना कोरा न ठेवता काम काय, महिने कोणते, अंदाजे मिळकत किती, हे साध्या शब्दांत लिहावं. मिळकत कमी म्हणून आईचा ताबा जात नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. कमी पडेल ते बापाने भरायचं असतं. कोरा रकाना मात्र संशय निर्माण करतो.

रात्री कामाला जाणारी आई मुलीकडे कशी बघणार, हा प्रश्न उलटतपासणीत येणारच. रात्रपाळी करणाऱ्या बापाला तो तितक्या सहज विचारला जात नाही, ही माझी तक्रार मी इथे नोंदवून ठेवतो.

चारित्र्याचा मुद्दा तर इतका घासलेला आहे की त्याच्यावर थोडं थांबायला हवं. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडे राहू देताना स्पष्ट केलं, की बाईवर व्यभिचाराचा आरोप असेल तर तो घटस्फोटाचं कारण होऊ शकेल, ताबा नाकारायचं नाही. बायको म्हणून कशी वागली आणि आई म्हणून कशी आहे, हे वेगळे प्रश्न. तरीही तालुक्याच्या कोर्टात आजही जबाबात पहिली तीन पानं मोबाइलमधल्या फोटोंवर खर्च होतात आणि मुलीची शाळा, तिचा दमा, तिचं जेवण यावर चार ओळी येतात. बाप नालायक म्हणून दारू आणि आई नालायक म्हणून फोन: साचे ठरलेले आहेत.

जेवणाबद्दल २०२५ च्या उन्हाळ्यातला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाचण्यासारखा आहे. प्रकरण केरळचं. सिंगापूरला नोकरी करणाऱ्या बापाला उच्च न्यायालयाने दर महिन्याचे पंधरा दिवस मुलं दिली होती. तो त्यासाठी तिरुवनंतपुरमला यायचा, भाड्याचं घर घेतलं होतं, माया खरी होती. न्यायमूर्तींनी आठ वर्षांच्या मुलीशी स्वतः बोलून पाहिलं. कळलं ते असं, की त्या पंधरा दिवसांत तिला घरचं जेवण एकदाही मिळालं नव्हतं, रोज हॉटेलचंच, आणि बापाशिवाय घरात दुसरं माणूस नव्हतं. आदेश बदलला. बापाच्या प्रेमाबद्दल न्यायालयाने शंका घेतली नाही. त्याने मुलांना भेटत, बोलत राहावं अशीच व्यवस्था केली. हित या मोठ्या गोष्टीचा निवाडा त्या दिवशी भात-आमटीवर झाला, आणि माझ्या मते बरोबर झाला.

मुलीला विचारायचं का? कायदा म्हणतो, समज असेल तर विचारा. समजेचं वय कुठे लिहिलेलं नाही. नऊ-दहाच्या पुढच्या मुलाचं म्हणणं न्यायाधीश गंभीरपणे घेतात, सहाच्या मुलीशीही बोलतात, पण तिच्या उत्तरावर सगळा भार टाकत नाहीत. हे बोलणं कोर्टहॉलमध्ये होत नाही, चेंबरमध्ये होतं. वकील बाहेर, आईबाप बाहेर. अनुभवी न्यायाधीश थेट "तुला कोणाकडे राहायचंय" असं विचारत नाहीत. शाळेत बाई कोण, बाकावर शेजारी कोण बसतं, सकाळी वेणी कोण घालतं, असं चालतं. पढवलेलं मूल ओळखू येतं. सहा वर्षांची मुलगी "बाबा पोटगी देत नाहीत" असं म्हणाली, की ती कोणाची भाषा बोलतेय ते सांगायला समुपदेशक लागत नाही. पण न पढवता मूल ज्याच्याजवळ राहतं त्याची बाजू घेतं, ती जास्त अवघड गोष्ट आहे. त्यात खोटं काही नसतं. ज्याच्या हातचं खायचं, त्याला दुखवायचं नाही, हे मुलाला न सांगता कळतं.

इथे आपण तिसऱ्या प्रश्नापाशी येतो.

२००८ मध्ये मौसमी मोइत्रा गांगुली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलगा बापाकडेच राहू दिला, कारण तो तिथे रुळला होता आणि त्याला उपटून नेण्यात त्याचं हित नव्हतं. २०१७ मध्ये विवेक सिंह यांच्या प्रकरणात नेमकं उलट. मुलगी एकवीस महिन्यांची असल्यापासून बापाकडे, आता आठची. ती आईकडे जायला तयार नव्हती. न्यायालय म्हणालं, तिला आईचा सहवास मिळालाच नाही, मग ती निवड करणार कशातून? मुलगी आईकडे दिली आणि वर्षभर बघू असं ठरवलं. एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध फिरवणं, हा मुद्दा तेव्हापासून प्रत्येक जबाबात डोकावू लागला, इतका की २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला सांगावं लागलं: मन फिरवलंय असं नुसतं म्हणून भागणार नाही, कोणत्या वागण्यातून ते दिसतं ते दाखवा.

हे निकाल एकमेकांशी भांडत नाहीत, कारण प्रत्येक मूल वेगळं. न्यायालय असंच म्हणेल. पण पेणला बसून पाहिलं तर त्यांच्यातली समान गोष्ट जास्त डोळ्यांत भरते. दोन्हीकडे प्रकरण संपेपर्यंत कित्येक वर्षं गेली होती आणि ती वर्षं हाच सगळ्यात मोठा पुरावा झाला होता. सर्वोच्च न्यायालय सहा वर्षांची सवय मोडायचं धाडस करू शकतं. खालच्या कोर्टात ते कोणी करत नाही, आणि करूही नये. म्हणून ज्याच्याकडे मूल आहे त्याच्या वकिलाला घाई नसते. नोटीस बजावली गेली नाही, म्हणणं द्यायला मुदत हवी, साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. एकेक तारीख योग्य कारणाने पुढे जाते आणि मूल रुळत जातं.

यात कायद्याची एक विसंगती आहे आणि ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ ला २००१ मध्ये पुरवणी जोडली: मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. हिंसाचार कायद्यातही पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज संपवायचा प्रयत्न करा असं आहे. मुलाची फी किती भरायची हे दोन महिन्यांत ठरवा; मूल कोणाकडे राहणार, त्याला मात्र मुदत नाही. १८९० च्या कायद्याच्या कलम १२ खाली अंतरिम ताब्याचा आदेश देता येतो, पण कधीपर्यंत, याबद्दल तो गप्प आहे. ६० दिवस प्रत्यक्षात पाळले जात नाहीत हे मलाही माहीत आहे. तरी कागदावर आकडा असला की वकिलाला त्याच्यावर बोट ठेवता येतं.

मुदत नसल्याचा दुसरा परिणाम म्हणजे पळवापळवी. बाप शाळेच्या फाटकातून मुलीला स्कूटरवर घेऊन गेला, तर आई पोलीस ठाण्यात जाते आणि अपहरणाचा गुन्हा नोंदवा म्हणते. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशाच एका प्रकरणात बापावरचा गुन्हा रद्द केला. मूल तीन वर्षांचं होतं. न्यायालय म्हणालं, कुठल्या न्यायालयाचा मनाई आदेश नसेल तर नैसर्गिक पालक असलेल्या बापाने स्वतःचं मूल नेणं हे अपहरण नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. व्यवहारात त्याचा अर्थ असा, की आदेश हातात नाही तोवर मूल उचलायला दोघेही मोकळे. म्हणूनच पेणला उतरल्यावर पहिल्या आठवड्यात अंतरिम आदेश मागणं, मग मागणारी आई असो किंवा रोह्यात राहिलेला बाप, हे मूळ दाव्यापेक्षा मोठं काम आहे. ज्याने ते केलं नाही तो पुढे कितीही चांगला पुरावा आणो, वेळेशी भांडत राहतो.

वेळेने केलेलं नुकसान कधी न्यायालयालाही आदेश मागे घ्यायला लावतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाचा ताबा बापाकडे जाऊ दिला. मुलगा बारा वर्षांच्या आसपासचा, जन्मापासून बहुतेक आईकडे, बापाशी भेटी मोजक्या. आदेशानंतर त्याची मानसिक अवस्था बिघडत गेल्याचे तज्ज्ञांचे अहवाल आले, आणि जुलै २०२५ मध्ये न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने पुनर्विलोकनात स्वतःच्या न्यायालयाचा आदेश फिरवला. पुनर्विलोकन मंजूर होणं ही एरवी दुर्मीळ गोष्ट. पण दिल्लीत तज्ज्ञाचा अहवाल दाखल होतो; तालुक्याला तो कुठून आणायचा? बालमानसोपचारासाठी इथल्या पालकाला पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते, आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल असं माणूस मिळणं त्याहून कठीण.

भेटींचं काय होतं तेही पाहायला हवं. आदेशात लिहिलेलं असतं: दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. रोह्याचा बाप पेणला येतो. भेटायचं कुठे? सासुरवाडीच्या दारात त्याला जायचं नाही, मुलीला घेऊन रोह्याला गेला तर वेळेत परत येणार नाही म्हणून आई नाही म्हणते. मग देवळाचं आवार, एखादं हॉटेल, एसटी स्टँडजवळचा आइस्क्रीमवाला. रविवारी वडखळ नाक्यावर गाड्या तुंबल्या की अकराचे साडेबारा होतात आणि पुढच्या तारखेला आदेश मोडल्याचा अर्ज पडतो. मुलगी पहिल्या तासात बोलत नाही, दुसऱ्यात खुलते, तिसऱ्यात घड्याळ पाहायला लागते. भेट नातं टिकवायला असते. परक्या जागेत सहा तास बसवलेल्या माणसांनी ते टिकवायचं म्हणजे चिकाटी लागते. जानेवारी २०२० मध्ये यशिता साहू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉलवर नियमित बोलण्याचाही हक्क मोजला, त्याचा इथे खरा उपयोग आहे. रात्री आठला दहा मिनिटं बोलणं हे महिन्यातून दोनदा आइस्क्रीम खाण्यापेक्षा कितीतरी बरं.

सुट्ट्यांची वाटणीही शहरातून आलेली आहे: दिवाळी अर्धी, मे महिना अर्धा. कोकणातलं घर भरतं ते गणपतीला. रोह्याच्या घरी सगळे चुलते-चुलत्या जमणार, दसरा झाला की धावीर महाराजांची पालखी निघणार, आणि मुलगी नेमकी त्या दिवसांत पेणला. इथल्या वकिलांनी अर्जात गणपती आणि पालखी नाव घेऊन लिहावेत. लिहिल्याशिवाय आदेशात येत नाहीत.

आणि आदेश मोडला तर? १८९० च्या कायद्याचं कलम ४५ आजही तसंच आहे: न्यायालयाने सांगूनही मूल हजर केलं नाही तर दंड शंभर रुपयांपर्यंत, पुढे रोज दहा रुपये, एकूण पाचशेच्या वर नाही, आणि वर दिवाणी तुरुंगाची तरतूद. तुरुंगाच्या पायरीपर्यंत सहसा कोणी जात नाही आणि पाचशे रुपयांत आज पेणहून अलिबागला रिक्षा येईल की नाही शंकाच आहे. खरा धाक एकच उरतो: भेट वारंवार अडवणाऱ्याकडून ताबाच काढून घेता येतो. पोटगी थकली म्हणून भेट बंद आणि भेट बंद म्हणून पोटगी बंद, हे दोन्ही न्यायालयांना मान्य नाही, पण घरोघरी हाच हिशेब चालतो.

रायगडचं चित्र फक्त हिंदू कायद्यावर थांबत नाही. रोहा, मुरूड, म्हसळ्याकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्या मताप्रमाणे मूल जाणतं होईपर्यंत आईकडे आणि सातेक वर्षांनंतर त्याची निवड विचारायची. हनफी मतात मुलगा सातपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे. दावा मात्र सगळ्यांचा १८९० च्याच कायद्याखाली आणि कसोटी शेवटी हिताचीच. पेण-रोह्याच्या डोंगरपट्टीतल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर हिंदू विवाह कायदा आपोआप लागू होत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाची फारकत झाली तर मूल कोणाबरोबर भट्टीवर जाणार हे कोर्टापर्यंत येतच नाही. महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्याने. तालुका विधी सेवा समितीची पाटी कोर्टातच असते. तिच्याखालून जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती आपल्यासाठी आहे हे ठाऊक असतं?

आजोळचा मुद्दा निराळा. एक पालक गेला की भांडण दुसऱ्या पालकाचं आणि आजोळाचं होतं. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात आई कर्करोगाने गेली, बाळ मावशी-मामांनी सांभाळलं, बाप आजारातून उठल्यावर मागायला आला. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम ठेवून बाळ बापाकडे दिलं. उलट २००८ मध्ये, बायकोच्या मृत्यूबद्दल बापावरच फौजदारी खटला असताना, मुलाला न विचारता त्याच्याकडे सोपवणं न्यायालयाला पटलं नव्हतं. परदेशातल्या मराठी कुटुंबांचा गुंता, अमेरिकेचा आदेश हातात घेऊन पुण्यात उतरलेली आई, हा स्वतंत्र लेखाचा विषय. भारताने मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही, आणि २०१७ पासून परदेशी आदेशापेक्षा मुलाचं हित वर, इतकं इथे पुरे.

२०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली: मूल दोघांचं, वेळ दोघांत वाटलेली, निर्णय दोघांचे. कायदा अजून झालेला नाही. मला ही कल्पना आवडते, पण चाळीस किलोमीटरवर राहणाऱ्या दोन घरांत ती आठवड्याच्या वाटणीने चालणार नाही. शाळा एकच असते. निर्णयांपुरती ही कल्पना मात्र आजच आदेशात लिहिता येते. शाळा बदलायची, शस्त्रक्रिया करायची, जिल्ह्याबाहेर न्यायचं, तर दोघांची संमती. कारण भांडणात पहिला अडतो तो शाळा सोडल्याचा दाखला. जनरल रजिस्टरला बापाची सही, मुख्याध्यापक म्हणतात वडिलांना आणा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला लगेच द्यायचा असतो आणि तो उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. जूनमध्ये पेणच्या शाळेत मुलगी बसली, की न्यायाधीशांसमोर पुढच्या वर्षी जे हजेरीपत्रक येणार आहे त्याची पहिली ओळ त्या दिवशी भरली जाते.